नसलेल्या दाराचा राखणदार

‘रोमचे राज्य चंद्रसूर्य असेतोवर अढळ राहील!’ तालवेरा गावाच्या वेशीवर ही घोषणा हातभर उंच अक्षरांत कोरलेली होती. अक्षरे फार सुरेख होती. त्यांच्याखाली शेळ्या बांधत.

ब्रिटानिया प्रांताच्या अगदी उत्तर टोकाला हे गाव. तिथे सकाळी आलेले धुके कधी कधी आठवडाभर मुक्कामालाच राही. अशा त्या गावी काडोरन महाराज राहत असत. ओढ्याकाठी झोपडी, अंगावर घोंगडी, मुखी देवाचे नाव. महाराज गावात कधी आले हे कुणालाच सांगता येत नसे. म्हातारी माणसे म्हणत, आधी महाराज होते, गाव त्यांच्याभोवती मागाहून जमले.

महाराजांचा एक भोळा भक्त होता, वेर्को. पायाने लंगडा. तीस वर्षे तो वेशीचा द्वारपाल होता. येणाऱ्याला तो तीन प्रश्न विचारी: कोण? कुठले? परवलीचा शब्द काय? शब्द जुळला की हत्यारे कमानीखाली ठेवून घ्यायची आणि दार उघडायचे, असा रिवाज. शेळ्या चारून येणाऱ्या मेरुनालाही तो रोज तिन्ही प्रश्न विचारी, आणि मेरुना त्याची सख्खी बहीण होती.

“मेल्या, सकाळी माझ्याच हातची लापशी खाल्लीस ना?”

“ते घरचं झालं, ताई. शब्द काय?”

गावचे सुभेदार पॉम्पोनियस यांना याचे भारी हसू येई. “या लंगड्याला वाटतं, साम्राज्य हाच पेलतोय!” असे ते चारचौघांत म्हणत. वेर्को मान खाली घाली.

एके दिवशी सम्राटांचा हुकूम आला, ‘फौज आणि शिक्क्याचे सर्व सरकारी सामान घेऊन परत यावे.’ वेशीच्या दारांवर शिक्का होता. सुभेदार हुकमाचे पक्के. त्यांनी दारे बिजागऱ्यांसकट उतरवून गलबतावर चढवली. मग एका माणसाची जागा कमी पडली. शिक्का दारांवर होता, सुभेदारांवर नव्हता. गलबत निघून गेले, सुभेदार काठावर राहिले, आणि अशा रीतीने त्या प्रांतातले रोमचे राज्य संपले.

दुसऱ्या सकाळी वेर्को नेहमीसारखा रिकाम्या चौकटीत उभा.

“अरे, दारच नाही, तर राखतोस काय?” सुभेदार हसले. “वारा?”

वेर्कोचे डोळे भरून आले. गावच्या कोठारात बियाण्याचे सातू होते. ते लुटले गेले, तर पुढल्या वर्षी एकही चूल पेटणार नव्हती. तो लंगडत ओढ्याकाठी गेला.

“महाराज, दार गेलं. आता मी काय करू?”

महाराज म्हणाले, “दार त्यांचं होतं, ते घेऊन गेले. विचारणं तुझं होतं. तेही नेलं का रे?”

“नाही, महाराज.”

“मग विचारत जा की.”

तिसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून चारशे लुटारू उतरले. पावले ऐकू येत, माणसे दिसत नसत. जणू धुकेच चालून येत होते. सुभेदारांचा धीर सुटला. ‘कोठार दाखवतो म्हटलं, तर मला तरी जिवंत सोडतील,’ असे मनाशी धरून ते रिकाम्या चौकटीतून बाहेर धावले.

धाडकन कपाळ आपटले!

वेर्कोने हात पुढे केला. समोर काहीच नव्हते, आणि ते हाताला गार लागत होते. ओल्या लाकडाचा वास येत होता. बोटांना खिळ्यांची डोकी ओळखीची लागली. बाहेरून कुणी कुऱ्हाड घातली, तीही लाकडावर बसावी तशी वाजली.

वेर्कोची तीस वर्षांची सवय बोलली.

“कोण?”

“तालोर्क! टोळीचा नायक!”

“कुठले?”

“डोंगरापलीकडचे!”

“परवलीचा शब्द काय?”

बाहेर कुजबुज झाली. एकजण म्हणाला, “रोम.”

“तो जुना झाला.”

दुसऱ्याने सणसणीत शिवी हासडली.

“हाही नाही,” वेर्को शांतपणे म्हणाला.

लुटारू धुक्यात बसून राहिले. दुपार कलली. शेवटी तालोर्कचा आवाज आला, पण अगदी थकलेला. “बाबा रे, भूक लागलीय. घरी पोरंबाळंही उपाशी आहेत.”

वेर्कोने मागे पाहिले. महाराज उभे होते. केव्हा आले, देव जाणे!

“महाराज, हल्लीचा शब्द काय आहे?”

“आत्ताच सांगितला की त्याने.”

वेर्कोने हवेतला अडसर काढला. बिजागऱ्या करकरल्या, ज्या एव्हाना समुद्रापार पोचल्या होत्या! चारशे माणसे मान लववून एकेक करीत आत आली.

“कुऱ्हाडी कमानीखाली,” मेरुना पळी उगारून ओरडली, “लापशी इकडे. आणि ढकलाढकली नको!”

बियाण्याला कुणी बोट लावले नाही. वसंतात पेरणीला डोंगरापलीकडचे हात होते, आणि सुगीनंतर तिकडच्या चुलीही पेटल्या.

पण ते पुढचे. त्या संध्याकाळी धुके विरले, तेव्हा सुभेदारांनी चौकटीत हळूच हात घातला. हात आरपार गेला. कपाळावरचे टेंगूळ मात्र खरे होते. त्यांनी आधी वेर्कोला हात जोडले आणि मग महाराजांचे पाय घट्ट धरले.

“महाराज, मी सात प्रांत पाहिले, तीन सम्राटांची चाकरी केली. माझा सगळा गर्व आज या लंगड्याच्या उंबऱ्याशी फुटला. मी आंधळा होतो, महाराज!”

ते कितीतरी वेळ रडत राहिले. चारशे लुटारू वाडगी हातात धरून डोळे पुसत होते. महाराजांनी सुभेदारांच्या मस्तकावर हात ठेवला.

“सुभेदार,” महाराज हलकेच म्हणाले, “तेवढा डावा पाय सोडा. मुंग्या आल्यात.”