एका ओळीची प्रस्तावना

"बोला सर, मोकळेपणानं बोला. वहिनींना यातलं काय कळणार? चहा मात्र फर्मास करतात..."

उदय खरवंडीकर हे हळूच म्हणाले. पण स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा होता.

पडद्यामागे शर्वाणी ट्रे घेऊन थांबली. या घरात सून होऊन येऊन दीड महिना झाला होता. तेवढ्या दिवसांत तिचं झालेलं कौतुक हे एवढंच.

तिनं बाहेर येऊन कप ठेवले. "बैस गं," सासरे, म्हणजे अप्पा, म्हणाले. ती बसली.

अप्पांनी कॉलेजात चाळीस वर्षं कविता शिकवली होती. उदय त्यांचे सगळ्यांत हुशार विद्यार्थी. हे उदयनाही ठाऊक होतं. त्यांच्या मांडीवर चारशे पानांचं बाड होतं, सगळं एकाच ओळीवर.

'तू गेलीस तरी वाट तुझ्याच गावाला जाते.'

ओळ शंभर वर्षांपूर्वीची. त्या कवितेतलं बाकीचं कुणाला आठवत नाही. ही मात्र शाळेच्या पुस्तकात, ट्रकच्या पाठीवर, कुठंही भेटते.

"ती का टिकली ते मी सिद्ध केलंय, सर. तुमची प्रस्तावना तेवढी द्या. त्याशिवाय मी पुस्तक छापणार नाही."

अप्पांनी पेनाचं टोपण काढलं.

"उदय, ही ओळ तुझ्याकडे कधी आली?"

"सहा वर्षं रोज तिच्यावरच बसलोय, सर."

"ते तू तिला बोलावतोस. न बोलावता कधी आली?"

उदय बाडाची पानं उलटू लागले.

"त्यात नसेल ते," अप्पा म्हणाले.

चहावर साय धरली.

अप्पांनी पेन उदयच्या हातात ठेवलं. "प्रस्तावना सूनबाई सांगेल. तू लिहून घे."

उदय हसले. अप्पा हसले नाहीत.

"...सांगा वहिनी. तुमच्याकडे कधी आली?"

शर्वाणीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. बोललं, तर सूनबाईचं इथं मन रमत नाही, हे संध्याकाळपर्यंत घरभर होणार. नाही बोललं, तर चहा फर्मास आहेच.

तिनं टोक सोडलं.

"परवा भाजी आणायला गेले होते. स्टँडवर देवरूखची गाडी लागली होती, आमच्या माहेरची. मी पिशवी घेऊन नुसती तिच्यासमोर उभी. गाडी सुटायला आली, तसं कंडक्टरनं विचारलं, 'ताई, कुठं जायचं?' मी म्हटलं, 'कुठं नाही.' गाडी गेली, तेव्हा ही ओळ आली."