तित्तिरीनं घातलेली खोटी हाक

फार मागं, एका सकाळी दिवस बरोबर कासराभर वर आला, तेव्हा तित्तिरीच्या पिल्लानं विचारलं, “आई, आभाळाच्या पलीकडं काय असतं गं?”

“दाणे टिप गपगुमान!”

“सांग की! का तुला येत नाही?”

तित्तिरी चपापली आणि ओरडली, “ससाणा!” ही हाक आली की पिल्लानं गवतात दबून गप्प राहायचं, अशी त्यांची रीत. पिल्लू दबलं. आभाळ तर रिकामंच होतं.

विचारलं की ससाणा येतो, असं पिल्लाच्या मनात बसलं. ते मुकाट्यानं वाढलं आणि मुकाट्यानंच दूरच्या रानात गेलं.

आता तित्तिरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाखराला विनवते, “बाबा रे, माझं लेकरू भेटलं तर सांग, ससाणा नव्हता. आईला उत्तर येत नव्हतं. तुला नाही भेटलं, तर पुढच्या पाखराला सांग.”