सावलीचा चिरा

अहो, त्या चिऱ्यावर पाय नका देऊ! वळसा घालून या. या अंगणातल्या दगडाला आम्ही सावलीचा चिरा म्हणतो. परसातलं मोठं झाड काढायची आमच्या वाडीची रीत इथूनच सुरू झाली.

सांगतात ते असं. समोर मळ्यापलीकडे आवडी नावाच्या विधवेचं घर होतं. परसात रायवळ आंबा, तिघांच्या कवेत न मावणारा. एका वादळात तो कलला, तो नेमका घरावर. घरात सून पोटुशी, दिवस भरलेले. आवडीने तोडणारे बोलावले, तर तीन कुऱ्हाडींचे दांडे मोडले म्हणे, साल काही निघाली नाही. तेव्हा वाडीतला म्हातारा गुरव म्हणाला, "झाड तुझं, पण सावली साऱ्यांची. ती एका दिवसात जिथे जिथे पडते, तिथे विचारून ये."

उजाडताच आवडी सावलीच्या टोकामागे निघाली. घरोघर होकार मिळाला. 'सुनेला इथे आण' असं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. भर दुपारी सावली बुंध्याशी आली, तेव्हा तिने झाडालाच हात जोडले. मग दिवस कलला तशी सावली मळ्यावरून इकडे सरकली आणि टोक आलं ते या दारात. तिच्या थोरल्या जावेच्या, गोपिकेच्या! त्याच झाडाच्या आंब्यांवरून दोघींचा बारा वर्षं अबोला. आवडी अंगणातच अडली. तिकडे सूर्य समुद्राला टेकला. सावली गेली की दिवस फुकट, आणि झाड उद्यापर्यंत उभं राहील याचा काय भरवसा?

शेवटी ती या चिऱ्यावर बसली आणि रडतच म्हणाली, "जाऊबाई, पाडू का?"

गोपिका म्हणाली, "पाड गो. पण आधी सुनेला माझ्याकडे आण."

सूर्य तिथेच थांबला, म्हणे. सून सावलीवरून पाऊल पाऊल टाकत मळा ओलांडून आली, तोवर तो बुडाला नाही. तिने उंबरा ओलांडला, आणि घरावर कललेलं ते झाड कुऱ्हाड न लागता उलट फिरलं नि आपल्याच सावलीवर आडवं झालं. इतकं लांब नव्हतंच हो ते! तरी शेंडा या चिऱ्याला येऊन टेकला. 

आजही तोडीच्या परवानगीचा सरकारी कागद हातात असला तरी दिवसभर सावलीमागे चालल्याशिवाय आमच्याकडे कुणी झाडाला कुऱ्हाड लावत नाही. माझाच फणस घरावर आलाय. कागद मिळून दोन वर्षं झाली. पण त्याच्या सावलीचं टोक जातं माझ्या धाकट्या भावाच्या दारात. फणस उभा आहे अजून.