साहेबाचा ‘रन’ आणि ठकू तेलीण

“आम्ही पळतो? आम्ही?”

सोनगिरीच्या श्रीमंत बहिर्जीराव महाराजांनी हातातलं पत्र असं आपटलं, की दौत उलटून शाई गालिच्यावर सांडली.

समोर उभे होते आबाजीपंत मास्तर. महाराजांना इंग्रजी शिकवायला ठेवलेले. त्यांनी भीत भीत पत्र उचललं. गोऱ्या एजंटसाहेबाचं पत्र होतं ते. महाराज आपलं राज्य फार छान ‘रन’ करतात, असं त्यात लिहिलं होतं.

“सरकार, ही तर स्तुती आहे!”

“स्तुती?” महाराजांनी वही फडकावली. “गेल्या सोमवारी तुम्हीच लिहून दिलंत. रन म्हणजे पळणे! म्हणजे आम्ही राज्यातून पळतो, असंच ना? आमचे आजोबा तोफेपुढून हटले नाहीत, आणि आम्ही पळतो?”

“पण सरकार, इथे रन म्हणजे कारभार बघणं. तो शब्दच तसा आहे. साहेबाचं घड्याळ रन करतं, दुकान रन करतं, नाटक रन करतं, कोर्टात खटला रन करतो. सर्दी झाली की साहेबाचं नाकसुद्धा रन करतं!”

“नाक पळतं?” महाराजांनी नकळत आपल्या नाकाला हात लावला. “अहो, हा शब्द आहे की धर्मशाळा? येईल तो अर्थ आत! ते काही नाही. आम्हाला या रनसाठी एकच मराठी शब्द हवा. सगळीकडे बसणारा! परवा सकाळी दरबारात सांगा. नाही सापडला, तर तुम्हीच रन करा, थेट संस्थानाच्या वेशीबाहेर!”

बाजूला उभे असलेले दिवाणजी गालातल्या गालात हसले. मास्तरांच्या जागी आपल्या मेहुण्याला चिकटवायचं, हे त्यांच्या मनात केव्हापासून होतं.

मास्तर घरी आले ते कोश काढून बसले. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. ‘पळणे’ लिहिलं, खोडलं. ‘वाहणे’ लिहिलं, खोडलं. पानावरचा भात तसाच राहिला.

तेवढ्यात मागच्या दाराशी हाक आली, “तेल घ्या हो, मास्तरीणबाई!”

ठकू तेलीण आली होती. जिभेची तिखट आणि डोक्याची त्याहून तिखट. मास्तरांचा चेहरा बघून ती उंबऱ्याशीच थबकली.

“मास्तर, कुणी गेलं का काय?”

“मीच जाणार आहे, ठकू. उद्या.” आणि मास्तरांनी सगळं रामायण सांगितलं.

ठकू हनुवटीला बोट लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, “अर्थ ऱ्हाऊ द्या. त्यो सायब त्या शब्दानं काय काय म्हनतो, तेवढं एकेक सांगा.”

मास्तर सांगत गेले. ठकू आधी खुदकन हसली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की मास्तरांना राग आला.

“हसतेस काय, अगं?”

“जेवून घ्या, मास्तर. उद्या म्या येते दरबारात.”

“तुला इंग्रजीतलं एक अक्षर तरी येतं का?”

“न्हाई येत. म्हनून तर अडत न्हाई!”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. मास्तरांनी ‘ही ठकू तेलीण’ म्हणून तिला पुढे केलं. ठकूनं वाकून मुजरा केला.

“सरकार, शब्द आनलाय. पर तो म्या सांगनार न्हाई. सरकारांच्याच तोंडून वदवीन!”

“आमच्या?” महाराज पुढे झुकले. “बरं, वदव!”

“त्ये भिंतीवरचं घड्याळ काय करतंय, सरकार?”

“दिसत नाही? चालतंय!”

“आनि पेठेतलं दुकान?”

“चालतंय.”

“चावडीशेजारच्या कोर्टात खटला?”

“चालतोय. आठ वर्षं चालतोय!”

“नाटक?”

“चांगलं असलं तर चालतं, नाही तर पडतं.”

“आनि सरकारांचं राज्य कसं काय?”

“उत्तम चाललंय!” महाराजांनी मिशीला पीळ दिला, आणि बोटं मिशीवरच थांबली. “अरेच्चा! चालतं! सगळंच चालतं!”

मास्तर आ वासून बघत राहिले. दोन दिवस कोशात शोधलेला शब्द रोज त्यांच्याच जिभेवर होता!

“पण ठकू,” महाराजांनी भुवई उंचावली, “रन म्हणजे तर पळणं. आणि तू म्हणतेस चालणं?”

“सायब घाईचा मानूस, सरकार! आपल्याकडं जे चालतं, त्येच त्याच्याकडं पळतं. काम येकच, नुसती चाल येगळी.”

दरबारात खसखस पिकली. दिवाणजी मात्र ताडकन उठले.

“थांबा, सरकार! सगळीकडे बसणारा शब्द ठरला होता. घोडा पळतो, त्याचं काय? आणि साहेबाचं नाक? आपल्याकडे कधी कुणाचं नाक चालतं का?”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. इतकं जमत आलं होतं, आणि नाक आडवं आलं!

ठकूनं दिवाणजींकडे बघितलं आणि हात जोडले.

“घोडा पळतो, नाक वाहतं. खरं हाय, दिवानसायब. पर येवढ्या ठिकानी बसलं आनि दोनच जागी अडलं, तर तेवढं चालवून घ्या की!”

महाराज असे हसले, असे हसले, की फेटा कानावर आला. दरबारही हसू लागला. दिवाणजींनाही हसू आवरेना.

“चालेल!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “मास्तर, तुमची शिकवणी कायम. एजंटसाहेबाला आभाराचं पत्र लिहा. आणि ठकू, तुला आमच्या गोठ्यातला शर्यतीचा बैल बक्षीस! वाऱ्यासारखा पळतो!”

“नको, सरकार!” ठकू घाईघाईनं म्हणाली. “पळनारा बैल घान्याला जुंपला, तर घाना घिऊन वेशीबाहेर जाईल. मला आपला चालनारा द्या!”

महाराजांनी पुन्हा हसत हसत फेटा सावरला आणि चालणाऱ्या बैलांची जोडीच तिच्या दारी पाठवली.