गेनबानं शिंगरू जिंकलं

एका गावात एक भोळा गडी होता. गेनबा त्याचं नाव. सांगितलेलं काम करायचं, सांगितलं तेवढंच करायचं आणि सांगितलं तसंच करायचं, एवढं त्याला उत्तम जमायचं. एकदा आई म्हणाली, दूध उतू जातंय का बघ. त्यानं बघितलं. जातंय, म्हणाला.

वैशाखात त्याचं लग्न झालं. बायको केसर, दोन कोसांवरच्या गावची, बोलायला कमी. महिन्याभरात तिला नवरा पुरता कळला, पण ती कुणाला काही बोलली नाही. एक तर ती नवी सून होती. आणि दुसरं म्हणजे, सांगितलेलं ऐकणारा नवरा शंभरात एखादीलाच मिळतो. तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

पहिली दिवाळी आली, तशी दोघं दिवाळसणाला केसरच्या माहेरी गेली. केसरच्या वडिलांची वरातीची घोडी होती, मैना नावाची. मैनेला माघात शिंगरू झालं होतं. तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा. लग्न होईपर्यंत केसरनंच ते हातावर वाढवलेलं. ती अंगणात आली की ते खुंटा उपटायला बघायचं. सासरी गेल्यापासून केसरला माहेरच्या माणसांची आठवण यायची, ती या शिंगराच्या नंतर.

तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा नारबा, तोही सणाला आलेला. हा मोठा हुशार. इतका हुशार की शिंगरू अजून कुणाला दिलेलं नव्हतं, तरी यानं बाजारातल्या घोड्यांच्या दलालाशी बोलून ठेवलं होतं.

सासरे म्हणाले, "जावई दोन, शिंगरू एक. पटावर ठरू द्या."

पट म्हणजे घोड्यांचा पट. त्या घरात दर दिवाळीला सगळे जण तो खेळायचे. जाड कापडावर सहा रंगांच्या सहा वाटा, प्रत्येक वाटेवर बारा घरं, आणि सहा लाकडी घोडे. फासे दोन. एकावर रंग, तो सांगणार कुणाचा घोडा. दुसऱ्यावर ठिपके, ते सांगणार किती घरं. शर्यतीआधी ज्यानं त्यानं आपल्या घोड्यावर चिंचोके लावायचे. ज्याचा घोडा पहिला पोचेल, सगळ्यांचे चिंचोके त्याचे. धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत चार शर्यती. शेवटी ज्या जावयाकडं चिंचोके जास्त, त्याचं शिंगरू. न्याय द्यायला केसरचे चुलते, बापूकाका. त्यांना दिसायचं कमी, पण न्याय मोठ्या आवाजात द्यायचे.

केसरनं नवऱ्याला परसात गाठलं. म्हणाली, "अहो, मला साडी नको, दागिना नको. एवढं शिंगरू जिंका."

"जिंकतो," गेनबा म्हणाला. त्याला सांगितलं होतं ना.

धनत्रयोदशीला पट मांडला. गेनबाचा घोडा हिरवा. तो चौथ्या घरात गेला. तिथं हौद काढलेला होता. बापूकाकांनी नियम सांगितला, की घोडा हौदावर आला, तो पाणी पिणार, त्याचा एक डाव जाणार. गेनबानं शेजारचा तांब्या ओढला आणि घोडा त्यात मानेपर्यंत बुडवला. बराच वेळ धरला. दमला असेल, म्हणाला. बाहेर काढला तेव्हा घोडा पांढरा आणि तांब्यातलं पाणी हिरवं झालं होतं. घोडा कुणाचा, यावर वाद झाला. वाद घालून नारबाचा घसा सुकला आणि त्यानं तोच तांब्या तोंडाला लावला. सबंध संध्याकाळ त्याच्या मिशा हिरव्या होत्या. सांगितलं कुणीच नाही.

शर्यत मात्र नारबानं जिंकली.

केसर नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्या घोड्याला पाणी लागत नाही. तो हौदावर आला की एक डाव गप्प बसायचं, मग पुढं न्यायचं. लक्षात ठेवा."

गेनबानं लक्षात ठेवलं.

दुसरा दिवस नरक चतुर्दशीचा. पहाटेची आंघोळ झाली, तसं सासऱ्यांनी गेनबाला मैनेला ओढ्यावर नेऊन आणायला सांगितलं. गेनबानं नेलं. मैनेनं पाण्याकडं मान वाकवली. गेनबानं मान वर ओढली. एक डाव गप्प बसला. मग घोडी परत आणली. तहानलेली मैना अंगणात शिरली आणि चुलाणावरून नुकतंच उतरवलेलं घंगाळ तिनं बघितलं. नारबा उशिरा उठायचा, त्याच्या आंघोळीचं पाणी होतं ते, उटण्याचा वास सुटलेलं, कोमट. मैना तळाला जीभ लागेपर्यंत प्याली. नारबानं त्या दिवाळीला तोंड धुतलं फक्त.

केसरनं डोक्याला हात लावला नाही. ती तशी बाई नव्हती. तिनं नीट समजावलं. लाकडाचं वेगळं, जिवंत वेगळं. "कान हलताना दिसले की समजायचं जिवंत आहे. मग पाणी पाजायचं, पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, शाबास गड्या. लक्षात ठेवा."

गेनबानं लक्षात ठेवलं.

दुपारी फराळ करून बापूकाका ओसरीवर लवंडले होते. तोंड उघडं, घोरणं चालू. आता बापूकाकांची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. झोपेत त्यांचे कान हलायचे. गेनबा तिथून चालला होता. थांबला. खाली वाकून बघितलं. उजवा हलला. मग डावा हलला. त्यानं घागरीतून तांब्या भरून आणला आणि बापूकाकांच्या उघड्या तोंडात सगळा ओतला. मग त्यांना उठवून बसवलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शाबास गड्या."

थाप मारल्यामुळं बापूकाका वाचले, असं केसरची आई मागाहून म्हणायची. पण त्या वेळी बापूकाकांना ते पटलं नाही. त्यांनी ठसका थांबायच्या आत न्याय दिला. गेनबाचे दहा चिंचोके कापले. संध्याकाळची शर्यतही नारबाच जिंकला. गेनबाकडं उरले चार.

नारबा शिंगराभोवती एक फेरी मारून आला. दात बघितले, खूर बघितले. केसर दारातून बघत होती. त्या रात्री तिनं भाकरी अर्धीच खाल्ली.

नवऱ्याला म्हणाली, "वडीलधारं माणूस समोर आलं की आधी पाया पडायचं. ते देतील ते दोन्ही हातांनी घ्यायचं. नको म्हणायचं नाही. लक्षात ठेवा."

गेनबानं लक्षात ठेवलं.

लक्ष्मीपूजनाला पूजा आटोपून पट मांडला. घोडे चिठ्ठ्या टाकून वाटले. नारबाला काळा आला. काळ्याचा पुढचा एक पाय कधीच तुटलेला, तो पटावर उभाच राहीना. नारबानं गेनबाच्या हातातला लाल घोडा बघितला आणि गोड आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, मी वयानं मोठा. माझ्या आठवणीसाठी हा काळा तुम्ही ठेवा. लाल मी सांभाळतो."

केसरनं पदर तोंडाशी नेला. गेनबा उठला, नारबाच्या पाया पडला आणि लंगडा घोडा दोन्ही हातांनी घेतला. वर चारही चिंचोके त्याच्यावर लावले. नारबानं हसत हसत लालवर वीस लावले.

पण फाशाला पाय मोजता येत नाहीत. पहिला फासा काळा पडला. दुसरा काळा पडला. तिसरा निळा पडला आणि चौथा पुन्हा काळा. काळा घोडा प्रत्येक घरात जाऊन आडवा पडायचा आणि गेनबा त्याला दोन बोटांनी उठवून धरायचा. लाल घोडा अजून हौदावर पाणी पीत होता, तोवर काळा बाराव्या घरात जाऊन आडवा झाला. सगळ्यांचे चिंचोके गेनबाच्या मांडीवर आले. मोजले, तर नारबापेक्षा दोन जास्त. केसरची आई इतकी हसली की लाह्यांची परडी कलंडली.

केसर मात्र हसली नाही. एकच शर्यत उरली होती. तिनं रात्रभर विचार करून सकाळी सांगितलं. हे चिंचोके संध्याकाळी पटावर लावायचे, तोवर कुणाला म्हणजे कुणाला द्यायचे नाहीत. फासा पडल्याशिवाय घोडा हलवायचा नाही. आणि कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं, तर खरं ते बोलायचं.

गेनबानं सगळं लक्षात ठेवलं.

पाडवा. दोघी बहिणी नवऱ्यांना ओवाळायला बसल्या. थोरलीनं ओवाळलं, नारबानं ताटात चांदीची जोडवी टाकली आणि सगळ्यांना दिसतील अशी टाकली. मग केसरनं ओवाळलं. गेनबाच्या खिशात आईनं ओवाळणीसाठी दिलेली मोत्यांची नथ होती. पण आई ती नथ देताना म्हणाली होती, केसरनं मागितली की दे. केसरनं काही मागितली नाही. ती ताट धरून बसून राहिली. हातात म्हणाल, तर चिंचोक्यांची पिशवी होती. गेनबानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. कुणी काही विचारलंच नाही, म्हणून काही म्हणाला नाही. थोरली खुदकन हसली. केसरनं रिकामं ताट उचललं आणि आत गेली. नथेचं तिला पुढं शिमग्यात कळलं.

ओवाळणी गेली, पण चिंचोके राहिले. संध्याकाळी शेवटची शर्यत सुरू झाली. दोन्ही जावयांनी होते नव्हते ते सगळे लावले. शेवटी दोन घोडे पुढं राहिले, गेनबाचा निळा आणि नारबाचा पिवळा. निळा अकराव्या घरात, पिवळा नवव्या घरात. एवढ्यात कुणाच्या तरी पोरानं बाहेर फटाका लावला आणि सगळ्यांनी माना वळवल्या. गेनबानं वळवली नाही. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा पटाकडं बघितलं, तर पिवळा बाराव्या घरात.

"पोचला," नारबा म्हणाला.

केसरच्या हातातली चकली तिथंच राहिली. बापूकाकांनी डोळे बारीक करून पटावर नाक टेकवलं. मग म्हणाले, "काय हो धाकटे जावईबापू, हा पिवळा इथंच होता का?"

आता विचारलं होतं.

"नव्हता," गेनबा म्हणाला. "नवव्या घरात होता. साडूभाऊंनी गुडघ्यानं ढकलला. आधी उजव्या गुडघ्यानं ढकलत होते, जमेना. मग डाव्या."

नारबाचं तोंड त्या दिवशी न रंगवता हिरवं झालं. बापूकाकांनी पिवळ्याला उचलून पहिल्या घरात बसवलं, मोठ्या आवाजात. पुढचा फासा निळा पडला, ठिपका एक. पुरे होता. गेनबानं शिंगरू जिंकलं. केसर उठली ती थेट छपराकडं पळाली, चप्पलसुद्धा घातली नाही.

इकडं गेनबा निळा घोडा हातात घेऊन तसाच बसला होता. बापूकाकांनी त्याला घरची रीत सांगितली. खेळ संपला की घोडा जिथून निघाला तिथं नेऊन ठेवायचा. आणि पुढचा पहिला डाव हरलेल्याला द्यायचा. म्हणजे घरात भांडण राहत नाही.

गेनबानं निळा पहिल्या घरात ठेवला. आणि लक्षात ठेवलं.

भाऊबिजेला गेनबाची बहीण येणार होती, म्हणून दोघं सकाळीच निघाली. नारबा राहिला. तो रुसला होता, आणि रुसलेल्या जावयाला दोन दिवस जास्त राहायला मिळतं.

वेशीपाशी केसरनं शिंगराचा दोर गेनबाच्या हातात दिला, तसा तो दोर धरून थांबला. हलेना. केसरनं कारण विचारलं.

"फासा पडल्याशिवाय घोडा हलवायचा नाही," गेनबा म्हणाला.

केसरनं त्याच्याकडं बघितलं. मग रस्त्यावरचा खडा उचलला आणि टाकला. "पाचशे पडले."

गेनबानं पाचशे पावलं मोजली आणि थांबला. केसरनं खडा टाकला. हजार पडले. पुढं ओढा आला. तिथं ती म्हणाली, पलीकडच्या चिंचेपर्यंतचे पडले. एवढे फाशावर असतात का, गेनबानं विचारलं. मोठ्या फाशावर असतात, ती म्हणाली. मग तिनं हाताला लागेल तो सगळ्यांत मोठा धोंडा उचलून टाकला आणि घरापर्यंतचे पाडले. शिंगरू तिच्या पदराचं टोक चघळत चाललं होतं. लग्नानंतर ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. नवरा कसा चालवायचा ते आपल्याला आलं, असं तिला वाटलं.

ऊन डोक्यावर यायच्या आत तिघं घरी पोचली. गेनबानं शिंगरू दारात उभं केलं.

"पोचलं?" त्यानं विचारलं.

"पोचलं की," केसर म्हणाली. "जिंकलो आपण." आणि शिंगरावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणायला आत गेली. सासूबाईंनी तांब्या भरून दिला, कुंकवाचा करंडा शोधून दिला. सगळं घेऊन ती बाहेर आली, तर दारात कुणी नव्हतं. ना शिंगरू, ना नवरा.

दिवेलागणीला गेनबा परत आला. एकटा. गुडघ्यापर्यंत धूळ, तोंडभर हसू. केसर उंबऱ्यावर बसली होती.

"शिंगरू कुठंय?"

"खेळ संपला ना. निघालं होतं तिथं नेऊन ठेवलं."

केसरनं एक श्वास घेतला. तिच्या वडिलांच्याच छपरात होतं म्हणायचं. काही बिघडलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं. उद्या जाऊन घेऊन येऊ."

"उद्या कसं? पुढचा पहिला डाव हरलेल्याचा. साडूभाऊंच्या हातात दोर दिला. ते बिचारे नुसतेच बघत उभे राहिले. फासा पडल्याशिवाय नेणार कसे? मग मी चांगला मोठा धोंडा बघून टाकला त्यांच्यासाठी," गेनबा म्हणाला. "थेट बाजारापर्यंतचे पडले."