मोठ्या सॅकची लिफ्टवारी

हिमालयातल्या एका गावात पहिल्यांदा तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांची लिफ्ट आली, तेव्हाची गोष्ट. तिथल्या रिगझिनच्या घरी खुंटीवर दोन सॅक असत. दूरच्या शिखरावर पायी चढून स्कीइंगला जाताना तो मोठीत फावडं, दोर, कपडे भरून न्यायचा. लिफ्टच्या उतारावर मात्र पाण्याच्या बाटलीपुरती धाकटी न्यायचा.

मोठीला ते खपेना. “आज मीच येणार!” ती हटून बसली. शेवटी रिगझिनने तिलाच पाठीवर घेतलं.

वर पोचल्यावर रिगझिन उतरू लागला, तर तिचा लोंबता पट्टा खुर्चीत अडकला. खुर्ची तशीच पुढे वळली आणि दोघं हवेत लोंबकळू लागली. रिगझिन जिवाच्या आकांताने ओरडला. लिफ्ट थांबली, तेव्हा कुठे मोठीच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी धाकटीने विचारलं, “ताई, कशी होती लिफ्ट?”

“तुझी तुलाच लखलाभ, बाई!” मोठी खुंटीला बिलगली. “शिखरावर याचे पाय तरी जमिनीवर असतात.”