हळदीतली कोरी जागा

वेळकुंडीच्या लग्नाला आलेला पाहुणा हमखास एक चूक दाखवतो. नवरीला पायाच्या नखापासून कानाच्या पाळीपर्यंत हळद लागलेली असते आणि डाव्या दंडावर बोराएवढी जागा तेवढी कोरी. एखादी हौशी पाहुणी वाटीत बोट बुडवून ती बुजवायला जाते, तोच चार हात आडवे येतात. मग तिला टेकाडावर उंबरजाईच्या देवळात नेतात. शेंदराने माखलेल्या आईच्या डाव्या दंडावरही तेवढाच काळा पाषाण उघडा आहे. असे का, ते गावातली जुनी माणसे सांगतात. ज्याला घाई असेल त्याने ऐकूच नये, असेही वर सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा माणसाला देवी यायच्या. आता तो रोगच उरला नाही, म्हणून नव्या पोरांना समजावून सांगावे लागते. ताप भरायचा, अंगभर फोड उठायचे, आणि माणूस एकतर जायचा नाहीतर तोंडभर वण घेऊन उठायचा. गाव म्हणे, हा रोग नव्हेच, आई पाहुणी आली आहे. मग घरात फोडणी बंद, औषध बंद, उशाला कडुलिंबाचा डहाळा. उंबरजाईची पूजा करणाऱ्या गोजरा गुरविणीने यातले काही म्हणता काही मोडले नव्हते. तरी तिचे दोन्ही मुलगे गेले. धाकट्याच्या मागे एक नात राहिली, बकुळा. गोजराचा सगळा जीव त्या पोरीत होता.

एका साली घाटाखालच्या गावांत साथ आली आणि टट्टूवर पेटी बांधून अंताजी देवीडॉक्टर वेळकुंडीत आले. दंडावर लस टोचणाऱ्या सरकारी माणसाला तेव्हा लोक देवीडॉक्टरच म्हणत. ते येताहेत असे कळताच आयांनी पोरे धान्याच्या कणग्यांत दडवली. कुणी म्हणे, टोचलेल्या पोरीला मूल होत नाही. कुणी म्हणे, सरकार दंडावर खूण करून ठेवते आणि खुणेची पोरे पुढे लढाईवर नेते. अफवेला पाय नसतात खरे, पण वेळकुंडीची चढण ती टट्टूच्या आधी चढून आली होती.

अंताजी देवळाच्या पारावर ताटकळत बसले. शेवटी संभूआबा पाटील आले. माणूस वाईट नव्हता, पण चार लोक जमले की त्यांच्या जिभेला धार यायची.

"डॉक्टर, ह्या गावात पैला मान आईचा," ते म्हणाले. "पैला नारळ तिचा, पैलं कणीस तिचं. आधी तिला टोचा, मंग आमची पोरं हायतच की!"

लोक खो खो हसले. अंताजींनी मुकाट्याने पेटीचा पट्टा ओढला. गाभाऱ्याच्या दारात गोजरा उभी होती. सकाळी बकुळालाही तिने कणगीत बसवले होते. आपण पोरीला वाचवले की आधीच्या दोघांसारखे घालवले, हेच तिला कळेना. पेटी बंद होताना पाहिली आणि ती देवळाच्या पायऱ्या उतरून पुढे आली.

"आबा, आईला न्हाऊ मी घालते," ती म्हणाली. "शेंदूर मी लावते. तुमचं नवस माझ्या तोंडानं तिला जातात. तवा माझं तोंड तिचं हुतं, मंग दंड का नाही?"

आणि तिने डावा दंड अंताजींपुढे धरला.

"गुरवीणबाई," पाटलांचा आवाज चढला, "आई कोपली तर गुरवकी जाईल तुमची!"

"जाऊ दे. माझी दोन पोरं गेली तवा काय चुकले हुते मी? सांगा की कुणीतरी."

अंताजींनी पेटी पुन्हा उघडली. अंताजींनी टोचले. मग गोजरा घरी जाऊन बकुळाला काखोटीला मारून घेऊन आली, आणि पोरीच्या रडण्याने सारा पार भरून गेला. बाकीचे गाव टोचून न घेताच घरी गेले.

पोरीला ताप भरला. सगळे गाव गुरवाच्या घराकडे डोळे लावून बसले. गोजराचाही दंड सुजला, पण पूजा तिने चुकवली नाही. आईला न्हाऊ घातले, तेलात शेंदूर कालवला, आणि माखता माखता हात मूर्तीच्या डाव्या दंडाशी आला, तसा थबकला. स्वतःच्या दंडाला तर पदराचा धक्काही सोसत नव्हता. "दुखत असंल ना बाई," ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग." तेवढी जागा सोडून तिने बाकीची मूर्ती माखली. एवढेच झाले, असे सांगतात. त्यात ना कौल होता, ना अंगात येणे.

दर्शनाला आलेल्या बायांनी ती कोरी जागा पाहिली. आईनेही टोचून घेतले, अशी कुजबुज घरोघर गेली. गोजराने त्यावर होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. बकुळाचा ताप उतरला आणि ती अंगणात धावू लागली, तशा एकेक आया परसदाराने येऊन विचारू लागल्या, डॉक्टर पुन्हा कधी येणार? अंताजी पुन्हा आले तेव्हा कणग्यांत फक्त भात होते.

संभूआबांनीही घरची पोरे पाठवली. एकट्या यशवंताला मागे ठेवले. तो त्यांचा थोरला, त्याला त्याच दिवशी लग्नाची हळद लागली होती. हळदीच्या अंगातून रक्त काढू नये, अशी समजूत. गोजरा सांगायला गेली, तर आबा हात जोडून म्हणाले, "वरात येऊ द्या गुरवीणबाई, मंग मीच त्याला घिऊन येतो." या खेपेला बोलण्यात टिंगल नव्हती. घाटाखालच्या सासुरवाडीहून वरात आली, आणि हळद उतरायच्या आत यशवंताला ताप भरला.

त्याच्या उशाशी गोजरा बसली. घोटघोट पाणी पाजले, फोडांवरच्या माश्या वारल्या. आबा उंबऱ्याशी बसून राहिले. यशवंता गेला. गोजरा तेव्हा स्वतःच्या पोरांसाठी रडली नव्हती तशी रडली, म्हणतात.

पुढे पाटलांच्या वाड्यात धाकट्याची हळद निघाली. आबांनी गोजराला निरोप धाडला, पहिली हळद तुम्ही लावा. ती लावू लागली तेव्हा आबा पुढे झाले आणि पोराच्या डाव्या दंडावर अंगठा दाबून बसले. "हितं नको," म्हणाले. "ही जागा मोकळी ठिवा." हळद संपेपर्यंत त्यांनी अंगठा काढला नाही.

पुढची कितीतरी वर्षे गावात दंडावर वण असलेली माणसे होती. आजीच्या मांडीवर निजताना त्या वणात बोट घालून झोपायचे, हे ज्यांना आठवते ते आता स्वतःच म्हातारे झाले. तसले दंड आता म्हाताऱ्यांचेच उरले. मागच्या साथीत, करोनाच्या, लस आली तेव्हा गाव पुन्हा तसेच बिथरले. मूल होत नाही, खूण करून ठेवतात, सगळे तेच, फक्त फोनवरून आले. शाळेत नर्सबाई रिकाम्या बसून होत्या. तेव्हा पाटलांच्या घरची नवरी, सुरंगा, मांडवातून उठून तशीच पिवळी शाळेत गेली. मागोमाग वऱ्हाड.

नर्सबाई बाहेरगावच्या. सुई हातात घेऊन घुटमळल्या. "अगं, हळदीच्या अंगाला टोचू?"

सुरंगाने डावा दंड पुढे केला. "टोचा की ताई. जागा ठेवलीय."

आजही वेळकुंडीत हळद लागते तेव्हा घरातले वडीलधारे माणूस आधी येऊन नवरीच्या, नवऱ्याच्या दंडावर अंगठा दाबून बसते, आणि शेवटचा हात फिरेपर्यंत उठत नाही.